तीन प्लस

ब्लॉक नंबर चौदाशे सव्वीस.
मेणाचा चौकोन, आत तीळभर तुकडा,
लेबलवर नाव राजव्वा गुंदेटी, वय बावन्न, डावी बाजू.
विडी घरकुलात गुंदेटींची चार घरं आहेत,
राजव्वा एकच.
माझ्या दहावीच्या फॉर्मवर
आईच्या जागी सही तिनं केली होती, तेलुगूत.

बाहेर चव्वेचाळीस अंश, डांबर चपलेला धरतंय,
आणि मी तिचा तीन मायक्रॉनचा काप
पाण्यावर तरंगवून काचेवर घेतेय,
श्वास रोखून. फुंकर लागली तरी चुरगळतो.

मग अँटिबॉडी. मग थांबणं.
मग तपकिरी रंग.
जिथं तो रिसेप्टर, तिथंच धरतो,
बाकीचा धुऊन जातो
पहिल्या धुण्यातल्या कच्च्या टॉवेलसारखा.

तसा तो वाईट नाही.
निरोगी पेशीच्या कडेलाही असतो, थोडका,
शेजाऱ्यानं हात धरला की आत निरोप देतो :
वाढ.
त्याला स्वतःला हाक मारणारं
अजून कुणाला सापडलेलं नाही,
पुस्तकातल्या चित्रात ती जागा कोरी आहे.

पण सूचनेच्या दोन प्रती पुरे
तिथं वीस-पंचवीस झाल्या
की कडेला गर्दी होते,
सगळे एकमेकांना खेटतात, आपसातच हात धरतात,
आणि कुणी न बोललेला निरोप
आत जात राहतो.
वाढ. वाढ.

अण्णांच्या पॉवरलूमवर बाणा तुटला
की माग आपोआप थांबायचा.
एका रात्री ती थांबवणारी काडी अडकली,
सकाळी दोन हात नुसता ताणा,
चादर नाही, माग मात्र धडधडतोय.
हे उदाहरण नीट बसत नाही, माहीत आहे मला.
तिथं थांबवणारा बिघडला होता,
इथं चालवणारेच फार झालेत.

भिंगाखाली प्रत्येक पेशीला
तपकिरी दोऱ्याची सलग किनार,
कुठंही सुटलेली नाही. जाळीच जाळी.
कारागिराचं काम असतं तर
वा म्हणाले असते.
इंगळगी मॅडम वाकल्या, म्हणाल्या,
"तीन प्लस. लिही."

रिपोर्ट न्यायला ती स्वतःच आली,
बोटांना तंबाखूचा वास, अंगठ्याला कात्रीचा घट्टा.
"पॉझिटिव्ह आलंय म्हणायलेत.
चांगलंच की मग?"

माझ्याकडं दोन उत्तरं होती, दोन्ही खरी.
ही जात भरभर पसरते, हे एक.
आणि या खुणेमुळंच हिच्यावर औषध आहे,
खूण नसलेल्यांना ते मिळत नाही,
हे दुसरं.
काचेवर मी जे थेंबभर घातलं
त्याचाच कुणी भाऊबंद
सलाइनमधून येईल, तीच खूण शोधत.
अठरा वेळा, दर तीन आठवड्यांनी.

तिनं बोटांवर हिशेब केला.
हजार विड्यांची मजुरी एकीकडं,
एक सुई दुसरीकडं.
योजनेचं कार्ड आहे, मी म्हटलं, बघू.
बघू हा शब्द मला लॅबमध्ये
कधी वापरावा लागत नाही.

मग म्हणाली, "आमच्यात छाट असते बघ.
वाकडी विडी चेकर बाजूला टाकतो.
अंगात कोण नाही का गं छाट करणारं?"

"आहे की.
त्याला ओळखू येईना झालंय.
औषध बोट दाखवतं, ही बघ, ही वाकडी."

"मग दाखवू दे,"
ती म्हणाली, आणि रिपोर्टची घडी घातली,
पान कापायच्या पत्र्याच्या मापाची,
नेमकी, कोपऱ्याला कोपरा.
पिशवीत कात्रीशेजारी ठेवली.

काच दहा वर्षं जपायची,
असा आमच्याकडं नियम आहे.
संध्याकाळी मी ट्रेवर तारीख घातली,
पुढच्या कप्प्यात सरकवली,
आणि उगाच बेरीज केली :
राजव्वा बासष्टची.